चोरी म्हणू की गहाळ?

नीरेच्या पुलावरून पालखी पलीकडे गेली की जिल्हा बदलतो. अलीकडे पुणे, पलीकडे सातारा. माझा फोन गेला तो या पुलाच्या आसपास. अलीकडे गेला, पलीकडे गेला की ऐन मधोमध, हे मला आजही सांगता येत नाही. पुढच्या तीन दिवसांत माझी जी पायपीट झाली (चालण्याव्यतिरिक्तची), तिच्यातली निम्मी या एका न आलेल्या उत्तरामुळे झाली.

२०२५ ची आषाढी वारी. ज्ञानेश्वर माउलींच्या सोहळ्यात आळंदीपासून चालत होतो, मी आणि माझ्या थोरल्या जाऊबाई, आक्का. त्यांची अकरावी वारी, माझी दुसरी. आमची दिंडी रथामागची. मी इचलकरंजीजवळच्या एका हायस्कूलमध्ये लिपिक आहे. शाळा सोडल्याचे दाखले, बोनाफाईड, जन्मतारखेच्या दुरुस्त्या यांत पंचवीस वर्षं गेली. कागद कसा लिहायचा हे मला कुणी शिकवायला नको, अशी माझी समजूत होती.

त्या दिवशी वाल्ह्याहून पहाटे निघालो. नीरेला दुपारचं जेवण झालं आणि मग माउलींच्या पादुकांचं नीरास्नान. ज्यांनी ते पाहिलंय त्यांना गर्दीचं वर्णन सांगायला नको. घाटावर माणूस, पुलावर माणूस, कठड्याला लोंबकळणारी पोरं, आणि सगळ्यांची तोंडं नदीकडे. खिसेकापूला याहून सोयीचं काय असणार? मीही टाचा वर करून, हात जोडून नदीकडे बघत होते. पिशवी खांद्याला होती. तिच्यात फोन आणि एक छोटं पाकीट. पाकिटात आधार कार्ड, एटीएम कार्ड आणि अठराशे रुपये.

पाडेगावात पाण्याच्या टँकरजवळ थांबलो. पिशवीत हात घातला, तर बोटं खालून बाहेर आली. पिशवीच्या बुडाला वीतभर सरळ काप होता. ब्लेडचा. शिवण उसवली तर धागे लोंबतात. इथे कापड केळीच्या पानासारखं चिरलं होतं.

आक्कांनी आधी मला खाली बसवलं. "पाणी पी. फोन काय, परत घेशील. आधी बँकेला सांग." बाई सातवी शिकलेली, पण क्रम बरोबर लावला. त्यांच्या फोनवरून माझा नंबर लावला. दोनदा रिंग गेली, तिसऱ्यांदा बंद. मग मुलाला फोन केला. गंमत अशी की बँकेचा जो नंबर अडीअडचणीला म्हणून छापलेला असतो तो कार्डाच्या पाठीवर, आणि कार्ड चोराकडे. मुलानं घरातल्या पासबुकावरून नंबर शोधला, कार्ड बंद करवलं, खात्याला जोडलेलं मोबाईलवरचं पैसे पाठवणंही थांबवायला सांगितलं, आणि मोबाईल कंपनीला कळवून सिमही बंद केलं. अर्ध्या तासात हे सगळं झालं. खात्यातून एक रुपयाही गेला नव्हता. गेला असता तर आधी १९३० ला (ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर) फोन करायचा, हे तो मला दोनदा बजावून सांगत होता, जणू चोर मीच.

रस्त्यात पोलिसांचं मदत केंद्र लागलं. मांडव, दोन खुर्च्या, एक टेबल, त्यावर पाण्याच्या बाटल्या. वारीत पोलिसही सगळ्यांना माउली म्हणतात. एरवी ठाण्याची पायरी चढताना पोटात गोळा येतो, तो इथे येत नाही हे खरं.

"बोला माउली."

"फोन चोरीला गेला."

"कुठं?"

"पुलावर. पुलाजवळ."

"अलीकडं की पलीकडं?"

मी म्हटलं, अहो, मी नदीकडे बघत होते, पिशवीकडे नव्हते. ते हसले. त्यांच्याकडे लिहून घ्यायची वहीच नव्हती. हरवलेल्या माणसांची नावं लिहायला तेवढा एक कागद होता, आणि त्यावर एका तासात अकरा नावं झाली होती. पलीकडच्या बाकावर एक आजोबा आपली दिंडी कुठली हे आठवत बसले होते. त्यांच्यासमोर माझ्या फोनचं मलाच थोडं ओशाळं वाटलं. "मुक्कामी गेल्यावर ठाण्यात जा, तिथं घेतील," एवढं सांगून ते आजोबांकडे वळले. बरोबरच होतं ते.

लोणंदच्या तळावर संध्याकाळी समाजआरती झाली. वारी न केलेल्यांसाठी हे जरा सविस्तर सांगते. पालखी तळावर पोचली की सगळ्या दिंड्या भोवती गोल करून उभ्या राहतात. टाळ-मृदंगाचा एवढा कल्लोळ की शेजारचा काय बोलतो ते कळू नये. मग चोपदार हातातला चोप, म्हणजे दंड, उंच धरतात आणि हजारो माणसं एका क्षणात गप्प होतात. लाऊडस्पीकरवरून विनवण्या करूनही आमच्या शाळेच्या गॅदरिंगला हे कधी जमलेलं नाही. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर ती दिंडी टाळ वाजवतच राहते. चोपदार तिच्याकडे जाऊन ऐकून घेतात आणि मार्ग काढतात. त्यानंतर दिवसभरात हरवलेल्या आणि सापडलेल्या वस्तूंचा पुकारा होतो, उद्या कधी निघायचं ते सांगतात, आणि मग आरती.

हा पुकारा मी आधीच्या वारीतही ऐकला होता, पण त्यात आपलं काही नसलं की कान तिकडे नसतो. त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकलं. चष्मा सापडला. टाळांची जोडी सापडली. घड्याळ हरवलं. एक पायातलं जोडवं सापडलं. आमच्या दिंडीचालकांनी माझं सांगितलं होतं, तेही आलं: पाकीट आणि मोबाईल, नीरेजवळ. मला वाटलं, ब्लेड मारून नेलेली वस्तू कोण पुकारायला आणून देणार? आक्का म्हणाल्या, "चोर नेतो ते नेतो, टाकतो ते टाकतो. टाकलेलं कुणीतरी उचलतंच की." मी मनातल्या मनात त्यांना भाबड्या ठरवलं.

लोणंदहून पालखी दुपारी हलते, त्यामुळे सकाळ हाताशी होती. पोलिस ठाण्यात गेलो. कुठल्या, पुलाच्या अलीकडच्या की पलीकडच्या, ते सांगत नाही. बंदोबस्तानं पिचलेल्या माणसांची नावं घेऊन मला काय मिळणार?

ठाणे अंमलदारांनी विचारलं, "हरवला की चोरीला गेला?"

"चोरीला."

"काढून घेताना बघितलं?"

"नाही."

"मग गहाळ लिहा."

मी पिशवी उलटी करून काप दाखवला. त्यांनी बोट फिरवून बघितलं. "जुनी पिशवी आहे माउली. गर्दीत कुठंतरी अडकून फाटली असंल." इथे माझ्यातली लिपिक जागी झाली. आमच्याकडेही पालक येतात, जन्मतारीख चुकली म्हणतात, आणि आम्ही म्हणतो तुम्हीच तशी सांगितली असेल. तो सूर मला चांगला ओळखीचा. मी म्हटलं, साहेब, मी गहाळ लिहिणार नाही.

मुलानं रात्रीच व्हॉट्सॲपवर मला वकिली पाजून ठेवली होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, कुठल्याही ठाण्यात माहिती देता येते. तिला झीरो एफआयआर म्हणतात, आणि तो मग ज्याच्या हद्दीतला त्याच्याकडे वर्ग होतो. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्येच सांगितलंय. मी हे सगळं आक्कांच्या फोनवरून वाचून दाखवलं. अंमलदारांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "बसा. मॅडम येतील."

पाऊण तास बसलो. चहा आला, तोही त्यांनीच मागवला. मॅडम म्हणजे फौजदारबाई, पस्तिशीच्या, डोळे रात्रभर न झोपल्यासारखे. त्यांनी पिशवी उजेडात धरली आणि एका वाक्यात निकाल दिला: "ब्लेड आहे. चोरीच आहे." मग खुर्ची पुढे ओढून मला दोन्ही रस्ते समजावून सांगितले. असं बोलायला त्यांच्यावर काही सक्ती नव्हती.

चोरीचा गुन्हा नोंदवायचा तर माझी फिर्याद घेणार, जबाब होणार. जागेचा पंचनामा, त्यासाठी जागा दाखवायला मला बोलावणार. पिशवी पुरावा म्हणून जमा. उद्या फोन सापडलाच तर तो मुद्देमाल. न्यायालयात अर्ज करायचा, सुपूर्दनाम्यावर (मागाल तेव्हा हजर करीन असं लिहून देऊन) परत घ्यायचा, आणि खटला उभा राहिला तर पुन्हा साक्षीला यायचं, इचलकरंजीहून. एफआयआरची प्रत मात्र मला फुकट मिळणार, तो माझा हक्क. गहाळ लिहिलं तर ठाण्यात नोंद होणार, शिक्का मारलेली प्रत हातात, तिच्यावर आयएमईआय नंबर (प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) बंद करता येणार, आणि फोन कुठे चालू झाल्याचं कळून मिळालाच तर बोलावून सही घेऊन देऊन टाकणार. "तुम्ही म्हणाल ते लिहिते," त्या म्हणाल्या. "पण दुपारी पालखी निघणार, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही."

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. साडेअकरा. आक्का काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त पदर खोचला. तो त्यांचा निघण्याचा इशारा.

मी गहाळ लिहिलं.

स्वतःच्या अक्षरात लिहिलं: "नीरा येथील गर्दीत माझा मोबाईल व पाकीट गहाळ झाले आहे." शाळेत कुणी चुकीची जन्मतारीख लिहून मागितली तर मी हात आखडते, आणि इथे मीच खोटा शब्द नेटकेपणानं लिहून दिला. बाईंनी सांगितलेलं सगळं खरं होतं, मला त्यांचा राग नाही. पण त्या दिवशी त्या नदीकाठी किती पिशव्या चिरल्या गेल्या असतील आणि त्यातल्या किती "गहाळ" झाल्या असतील, हा विचार तरडगावपर्यंत सुटला नाही. चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण झालं, अश्व धावले, सगळे त्यांच्या टापांखालची माती कपाळाला लावत होते. मी तो शब्दच चघळत होते.

नोंदीच्या वेळी आयएमईआय नंबर मागितला. तो पंधरा आकडी असतो आणि फोनच्या खोक्यावर छापलेला असतो. खोकं घरी, माळ्यावर. मुलानं फोटो पाठवला म्हणून निभावलं. फोन हातात असतानाच स्टार चौकट शून्य सहा चौकट (*#06#) दाबून तो नंबर कागदावर उतरवून घरी ठेवायला पाच मिनिटं लागतात. दोन सिमच्या फोनला असे दोन नंबर असतात, दोन्ही द्यावे लागतात.

पुढचं काम फलटणला. केंद्र सरकारचं संचार साथी म्हणून पोर्टल आहे, त्यावर सीईआयआर या भागात हरवलेला फोन बंद करायचा अर्ज भरतात. पोलिसांची प्रत, ओळखपत्र, आयएमईआय, सगळं होतं. पण ओटीपी हवा, आणि त्यासाठी गेलेल्याच नंबरचं नवं सिम आधी घ्यावं लागतं. सिमसाठी आधार, आणि आधार पाकिटासोबत गेलेलं. सुदैवानं आधारचा नंबर मला पाठ आहे (पगारबिलांनी करून घेतला), आणि अंगठा माझ्याकडेच होता. विमानतळाच्या मैदानावर तळ पडला होता; तिथून गावात जाऊन सिम घेतलं आणि एक साधा बटणांचा फोनही. मग तळावर येऊन ओटीपीची वाट बघत बसले. येईना. नवं सिम घेतलं की पहिले चोवीस तास एसएमएस बंद असतात, फसवणूक टळावी म्हणून. हे दुकानातल्या पोरानं सांगितलं होतं म्हणे, आक्कांनी ऐकलं होतं, मी नव्हतं. बरडच्या मुक्कामी संध्याकाळी ओटीपी आला. दिंडीतल्या एका कॉलेजच्या पोरानं त्याच्या फोनवर अर्ज भरून दिला. अर्जाचा क्रमांक मी हरिपाठाच्या पुस्तकाच्या मागच्या पानावर लिहून ठेवला.

आणि दुसऱ्याच दिवशी, नातेपुत्याच्या अलीकडे, मलाच एक वस्तू सापडली.

टँकरजवळच्या चिखलात एक बटवा. नऊवारीच्या जुन्या काठाचा, हातानं शिवलेला. आत सहाशे चाळीस रुपये, बुक्क्याची पुडी, गोळ्यांची एक पट्टी आणि लाल दोऱ्यात ओवलेली किल्ली. नाव नाही, नंबर नाही. चार दिवसांपूर्वी मी पुकारायला दिला असता. आता मला कायदा कळत होता! मी सरळ पोलिसांच्या मांडवात गेले आणि म्हटलं, सापडलेली वस्तू जमा करायचीय, पोच द्या.

तिथले हवालदार निवृत्तीला आलेले असावेत. त्यांनी बटवा हातात घेतलाच नाही. म्हणाले, "माउली, मी घेतला तर नोंद करणार, ठाण्यात जमा करणार. ज्या म्हातारीचा आहे ती उद्या पुढं गेलेली असंल. ती इथं परत येणार का? चोपदारांकडं द्या. रात्रीच्या आत मिळतो का नाही बघा." मग डोळे मिचकावून, "ठेवून मात्र घेऊ नका. मालक शोधायची खटपट न करता ठेवून घेतला तर तोही गुन्हाच आहे, न्याय संहितेचं कलम ३१४." पोलिसानं स्वतः पोलिसांपेक्षा चोपदारांकडे पाठवावं, हे मला फार आवडलं.

समाजआरतीत पुकारा झाला: बटवा सापडला आहे. काय आत आहे ते सांगत नाहीत, ते मालकानं सांगायचं. आरती संपल्यावर एक आजी आल्या, परभणीकडच्या. चोपदारांनी विचारलं, "काय होतं त्यात?" आजींनी पैशांचं नावच काढलं नाही. "किल्ली हाय माय. लाल दोरा हाय तिला. घराला कुलूप घालून आले, घरी कुणी न्हाई." ओळख पटली. बटवा हातात पडल्यावर मात्र आजी खाली बसल्या, नोटा काढल्या आणि सगळ्यांसमोर दोनदा मोजल्या. मग माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या, "अन् अडकित्ता?"

अडकित्ता त्यात नव्हता. मी शपथेवर सांगितलं. आजींनी "बरं बरं" म्हटलं, पाया पडल्या (मी त्यांच्या पडले), आणि गेल्या. पण जाताना पुन्हा एकदा मागे वळून बघितलं. त्यांच्या लेखी तो अडकित्ता आजही इचलकरंजीत आहे.

वेळापूरला आक्कांचं म्हणणं खरं झालं. पुकाऱ्यात आलं: आधार कार्ड आणि बँकेचं कार्ड, पत्ता इचलकरंजीकडचा. आम्ही दोघी एकदम उठलो. दुसऱ्या एका दिंडीतल्या माणसाला पाडेगावच्या पुढे रस्त्याकडेला पाकीट मिळालं होतं, रिकामं, कार्डं तेवढी आत. सहा दिवस ते त्याच्या सामानाच्या ट्रकमध्ये गोणीत पडून राहिलं आणि त्याला आठवलं तेव्हा त्यानं दिलं. ना अर्ज, ना सही. चोपदारांनी कार्डावरचा फोटो बघितला, माझं तोंड बघितलं आणि दिलं. आधारावरचा माझा फोटो बघता, ओळख पटली हेच विशेष.

घरी आल्यावर मी ठाण्यात फोन करून कळवलं की कागदपत्रं मिळाली, नोंदीतून तेवढी कमी करा. त्यांनी सांगितलं, तसा अर्ज द्यावा लागेल. मी लिहून व्हॉट्सॲपवर पाठवला. "गहाळ झालेली कागदपत्रे मिळाली आहेत." या वेळी तो शब्द लिहिताना काही वाटलं नाही, कार्डं तरी खरंच कुणी चोरली नव्हती, टाकूनच दिली होती.

फोन अजून मिळालेला नाही. पोर्टलवर अर्जाचा क्रमांक टाकला की फोन बंद केल्याची नोंद दिसते. बंद म्हणजे त्यात कुठलंही सिम घातलं तरी देशात चालणार नाही. हरिपाठ उघडला की मागच्या पानावर तो क्रमांक दिसतो आणि मी महिन्या-दोन महिन्यांनी एकदा बघते.

पुढच्या वारीसाठी मी पिशवीला आतून रेक्झिनचं अस्तर लावून घेतलंय आणि कमरेला बांधायचा कसा, म्हणजे पैशांची थैली, शिवलाय. आत एका चिठ्ठीवर दिंडीचा नंबर आणि मुलाचा फोन. आक्कांनी माझ्याकडून मार्कर मागून नेला. मला वाटलं, त्याही पिशवीवर लिहिणार. त्यांनी दोन्ही चपलांच्या तळव्यांवर दिंडीचा नंबर लिहून घेतलाय. अकरा वाऱ्यांत त्यांचं म्हणे दुसरं काही हरवलेलंच नाही.